मॅडमनी लवकर मान टाकली

माझ्या अपघाताबद्दल एक खोटी गोष्ट लातूरपासून नायगावपर्यंत फिरली. मी उलटी उडी मारत होते, माझ्या नवऱ्याचा आधाराचा हात उशिरा पडला आणि माझी मान मोडली, अशी ती गोष्ट. पहिले सात महिने मलाही ती खरीच वाटत होती. पुढचे दोन महिने ती खोटी आहे हे मला ठाऊक होतं आणि तरी मी ती फिरू दिली. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, आजारपणावर काहीतरी लिहा, दुसऱ्यांना उपयोग होईल. मी हो म्हटलं ते या दोन महिन्यांसाठी. धीर कसा धरावा हे सांगायला मी पात्र नाही.

हे मी मोबाईलवर बोलून लिहिते आहे, कारण बोटं अजून पेन धरत नाहीत. मी 'मान' म्हटलं की मोबाईल कधी 'माल' लिहितो, कधी 'मान्य'. सापडलं तिथं दुरुस्त केलंय, राहिलं असेल तिथं समजून घ्या. नवऱ्याला मी घरात 'अहो' म्हणते आणि शाळेत 'सर'. इथं मात्र बळीराम लिहिणार आहे, तेही एकेरी. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे आवडणार नाही. पण त्या मोबाईल वाचत नाहीत.

हात हाय

आम्ही दोघं खेळाचे शिक्षक, लातूरच्या एकाच शाळेत. तो कबड्डी बघतो, मी जिम्नॅस्टिक्स. माझं माहेर नायगाव तालुक्यातलं. उड्या मी कॉलेजात असताना नांदेडला शिकले.

ज्या उडीनं माझं वाटोळं केलं तिला मुली नुसतं 'बॅक' म्हणतात. उभ्या जागी मागे कोलांटउडी. धावत यायचं नाही. गुडघे थोडे वाकवायचे, हात जोरात वर फेकायचे, सरळ वर उसळायचं, मग गुडघे छातीशी ओढून गोल फिरायचं आणि निघालो त्याच जागी पायांवर यायचं. सगळा मिळून सेकंदाचा खेळ. मुलींना ती शिकवताना मी ओरडून दोनच गोष्टी सांगायची, "हात वर, मान टाक." मान टाक म्हणजे डोकं मागे टाक. नांदेडच्या माझ्या सरांकडून आलेले शब्द, असं मी अभिमानानं सांगायची.

बॅक शिकताना बाजूला एक जण आधाराला उभा राहतो. एक तळवा कमरेमागे, दुसरा मांडीखाली. आमच्या मैदानावर एक नियम होता. आधाराला उभं राहणाऱ्यानं "हात हाय" असं मोठ्यानं म्हणायचं, आणि ते ऐकल्याशिवाय उडी मारणाऱ्यानं पाय उचलायचे नाहीत. आपसांत बोलणं टाकलेल्या मुलीसुद्धा तेवढं म्हणायच्या. हा नियम बळीरामनं घालून दिला होता.

जानेवारीत स्नेहसंमेलनाची तालीम चालू होती. नववीतली कोमल बॅकला उभी राहायची आणि ऐन वेळी मागे सरायची. चार दिवस हेच. मी वैतागले होते. ती म्हणाली, मॅडम, तुम्ही एकदा करून दाखवा. मी दोन वर्षांत बॅक मारली नव्हती, वजन वाढलं होतं, वय सदतीस. बळीराम म्हणाला, राहू दे, तुला आता सवय नाही. मुलींसमोर म्हणाला ते मला झोंबलं. तुम्ही सपोर्टला उभे राहता का तेवढं सांगा, असं मी म्हणाले.

तो उभा राहिला. "हात हाय," म्हणाला. त्यानंतर मला एकदम आभाळ आठवतं. मधलं काही आठवत नाही.

जीप

दुखलं अजिबात नाही. लोकांना हे खोटं वाटतं. माझ्या तोंडाशेजारी एक हात पडला होता, त्यात हिरव्या बांगड्या होत्या, आणि ही कुठल्या मुलीची बांगडी फुटली म्हणून मी बघत होते. तो माझाच हात होता.

चार जणांनी मला हातापायाला धरून उचललं आणि जीपमध्ये घातलं. डोकं लोंबकळत होतं. सगळे घाबरलेले आणि सगळे प्रेमापोटी करत होते, म्हणून कुणाला नावं ठेवत नाही. पण हे वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा. मानेवर पडलेल्या माणसाला उचलू नका. आहे तिथंच झोपवा, दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरून ठेवा, आणि गाडी येईपर्यंत कुणी कितीही घाई केली तरी सोडू नका.

दवाखान्यात फोटो निघाले. तरुण डॉक्टर होते. मानेतला पाचवा मणका सहाव्यावरून सरकलाय, आतली नस दबली आहे, उद्या ऑपरेशन, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, सोमवारी कार्यक्रम आहे, सोमवारपर्यंत सोडाल ना? त्यांनी कागद पुन्हा चाळले. उत्तर द्यायचं टाळणारा माणूस कसा दिसतो हे मी परीक्षेच्या वर्गात खूप वेळा बघितलंय. तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा यायला हवा होता, पण पोटच कळत नव्हतं.

बळीराम त्यांच्या मागे उभा होता. "माझा हात उशिरा पडला, साहेब," तो म्हणाला. डॉक्टरांनी त्याला काही विचारलेलंही नव्हतं. मग हेच त्यानं नर्सला सांगितलं, मुख्याध्यापकांना सांगितलं, आणि शाळेच्या अहवालात स्वतःच्या अक्षरात लिहूनही दिलं.

हिरवं लुगडं

त्याच दुपारी माझी पिशवी कोमलजवळ होती. पिशवीतला फोन वाजला. गावाकडून माझा मोठा भाऊ, दिगंबरदादा. कोमल बिचारी रडत होती. दादानं विचारलं, माझी बहीण कुठाय? ती म्हणाली, "मामा, मॅडमनी लवकर मान टाकली."

दादानं फोन ठेवला.

आमच्या गावात मान टाकली म्हणजे माणूस गेला. दुसरा अर्थच नाही. दादानं दारातच बैठक मारली आणि गल्लीभर बातमी गेली. शेजारच्यांनी आमच्या घरची चूल विझवली. चुलतीनं रडायला सुरुवात केली ती नायगावच्या फाट्यापर्यंत थांबली नाही म्हणतात. एक जीप भरून माणसं लातूरला निघाली. नवऱ्याआधी जाणाऱ्या लेकीला माहेरचं हिरवं लुगडं लागतं, म्हणून माझ्या मायनं वाटेत जीप थांबवून ते घेतलं. खणही घेतला.

संध्याकाळी हे सगळे अतिदक्षता विभागाच्या दारात आले आणि त्यांनी गळा काढला. मी आत शुद्धीवर होते. मला माझ्याच नावानं रडलेलं ऐकू येत होतं. लेकरं लहान हायेत, आता त्यांचं कसं व्हावं, असं चुलती सुरात म्हणत होती. मला मान वळवता येत नव्हती, म्हणून छताकडं बघत मी सगळं ऐकलं. नर्सनं मायला एकटीला आत घेतलं. माय पायाशी आली, लुगड्याची पिशवी हातात तशीच, आणि माझे डोळे उघडे बघून मटकन खाली बसली.

पुढं हा किस्सा झाला. वॉर्डातल्या बाया हसायच्या, मीही हसायची. त्या पोरीला नीट बोलता येत नाही, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. तिनं असं का म्हटलं असेल हे मीसुद्धा विचारलं नाही. खरं तर तो शब्द मीच तिला शिकवला होता.

वॉर्ड

ऑपरेशन झालं. मानेत पट्टी आणि स्क्रू बसले. मान आता वळत नाही, वळायचं तर अख्खी मी वळते.

सहा आठवडे दवाखाना. तिथं घड्याळ म्हणजे कूस बदलणं. दर दोन तासांनी तिघं येऊन मला ओंडक्यासारखं एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर करायचे, नाहीतर पाठीला जखमा होतात. सकाळी लघवीची पिशवी रिकामी करायची. मग पोट साफ करणं, आणि ते आपोआप होत नाही, दुसऱ्यानं हातमोजा घालून करावं लागतं. याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून घेतले होते. आठव्या दिवशी भेटायला आलेल्या बाईशी तिच्या भावाच्या लग्नाबद्दल बोलत होते आणि पडद्याआड ते काम चालू होतं. लाज संपते. तिची जागा दुसरं काही घेत नाही, नुसती रिकामी राहते.

भीती सकाळी दहाच्या सुमाराला यायची. डॉक्टरांची फेरी संपलेली असायची, आणि आज नवीन काही सांगण्यासारखं नाही हे कळलेलं असायचं. समोरच्या खाटेवर उदगीरकडची एक बाई होती, झाडावरून पडलेली. ती कन्नडात स्वतःशीच काहीतरी पुटपुटायची. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण तिला घरी नेलं तेव्हा वॉर्ड फार शांत झाला.

चांगलंही थोडं घडलं. मंगलमावशी नावाच्या आयाबाईंनी एकविसाव्या दिवशी माझे केस धुतले. डोकं न हलवता, तीन बादल्या पाण्यात, तासभर. त्यांचं ते काम नव्हतं. आणि एका सकाळी आत्याबाई डब्यात सुशीला घेऊन आल्या. कांदा-मिरची घातलेल्या त्या ओल्या मुरमुऱ्यांचा वास आला आणि माझ्या उजव्या पायाचा अंगठा हलला. दोन्हींचा संबंध नाही असं डॉक्टर म्हणाले. आत्याबाई आजही मानत नाहीत.

बळीराम

घरी आल्यावर माझं सगळं बळीराम करायचा. मी पुन्हा लिहिते, सगळं. पहाटे उठून पोट साफ करणं, आंघोळ, वेणी, भरवणं. आमची दोन मुलं शाळेत गेली की तो माझ्या हातापायांचे व्यायाम घ्यायचा आणि मग शाळेत जायचा. कबड्डीचा संघ त्यानं दुसऱ्या शिक्षकांकडं दिला. मुलींच्या मैदानाकडं तर तो फिरकलाही नाही.

आणि तो माझ्यावर कधी चिडला नाही. लग्नाच्या पंधरा वर्षांत आमचं आठवड्याला एक तरी भांडण ठरलेलं. आता मी चहा नको म्हणून तोंड मिटून घेतलं तरी तो "बरं" म्हणायचा. मी मुद्दाम लागेल असं बोलले तरी "बरं". कधी मधेच काम थांबवून स्वतःच्या उजव्या तळव्याकडं बघत बसायचा. ज्याला शिक्षा झाली आहे अशा माणसाशी भांडता येत नाही. मला ते भांडण फार हवं होतं.

दादा आमच्या घरी आला की चहा घ्यायचा नाही. एकदा उंबऱ्यात उभा राहून तो बळीरामला म्हणाला, "तुमच्या हाताखाली गेली माझी बहीण, दाजी. दुसऱ्याच्या हाताखाली गेली असती तर मी त्याला सोडला नसता." बळीरामनं मान खाली घातली. मी आतून ऐकलं. दादा चुकीचं बोलतोय असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि हेही इथं लिहून ठेवते.

कोमलच्या आईचा फोन

पोळ्याच्या आदल्या दिवशी कोमल आईबरोबर भेटायला आली. बळीराम शाळेत होता. बोलता बोलता मी तिला चिडवलं, तू तर मला मारूनच टाकलं होतंस गावाकडं. ती हसली नाही. म्हणाली, "मॅडम, मी खरं तेच सांगितलं होतं. तुम्ही लवकरच मान टाकली होती."

त्या दिवशी तिनं आईच्या फोनवर माझी उडी काढली होती, नंतर शिकायला बघावी म्हणून. अपघात झाला म्हणून आईनं दटावलं आणि फोन कपाटात टाकला. आता ती तो घेऊनच आली होती.

मी बघितलं. आधी आवाज येतो, माझा: "बघा गं, हात वर, मान टाक." मग बळीरामचा: "हात हाय." मग मी उडते.

मग कोमलनं ते हळू करून लावलं. मी बारा वर्षं ही उडी शिकवली, पण स्वतःची कधी अशी बघितली नव्हती. बॅकमध्ये सगळं ठरतं ते पाय जमिनीवर असतानाच. किती उंच जाणार आणि किती जोरात फिरणार, दोन्ही. पाय सुटले की माणसाच्या हातात फार थोडं उरतं. अंग गोळा केलं तर जास्त वेगानं फिरतो, उघडलं तर सावकाश. नवीन उंची मिळत नाही. म्हणून पाय सुटेपर्यंत नजर समोर ठेवायची आणि डोकं दोन्ही हातांच्या मधे.

व्हिडिओत माझे पाय अजून जमिनीला टेकलेले आहेत, हात कानापर्यंतही आलेले नाहीत, आणि डोकं मागे गेलेलं आहे. डोक्यामागून खांदे गेले, कमरेची कमान झाली. वर जायला हवं होतं ते सगळं अंग मागे गेलं. पसरलेलं अंग फिरतंही सावकाश, त्यामुळं अर्ध्यात उलटं असतानाच जमीन आली. बळीरामचा तळवा जिथं माझी कंबर यायला हवी होती तिथंच आहे, वेळेवर. त्याच्या हातावर कुणीच नाही. मी त्याच्यापासून दोन हात मागे गेलेली आहे, आणि तो तिथंही झेप घेतो, त्याची बोटं माझ्या टी-शर्टला लागतात.

मी अकरा वेळा बघितलं. मग कोमलला म्हणाले, हा मला पाठव आणि तुझ्याकडचा काढून टाक. आणि सरांना दाखवू नको.

"हाव, मॅडम," ती म्हणाली. नंतर ती भेटायला आली नाही. चौदा वर्षांच्या पोरीला मी माझ्या पापात ओढलं. मान मोडण्यापेक्षा याची मला जास्त लाज वाटते.

दोन महिने

दुसऱ्या दिवशी मी नांदेडच्या माझ्या सरांना फोन लावायला लावला. ते आता निवृत्त झालेत. विचारलं, सर, तुम्ही आम्हाला मान टाक असंच शिकवलं होतं ना? मला कुणाला तरी दोष द्यायचा होता. सर म्हणाले, "मग."

मला वाटलं, ते म्हणताहेत, मग काय.

"मी म्हणत होतो, हात वर, मग मान टाक. गुडघे वर आले की मग. खाली जमीन कुठं हाय ते हुडकायला. तू 'मग' गाळलंस का काय?"

गाळलं होतं. कधी ते आठवत नाही. मैदानावर ओरडून सांगताना दोन अक्षरं वाचवली असतील. बारा वर्षं पोरी चुकीच्या शब्दावर उड्या मारत होत्या आणि सपोर्टच्या हातांनी त्यांना वाचवलं होतं. कोमल मागे सरत होती ती भित्री म्हणून नव्हे. तिच्या अंगाला कळत होतं, मला कळत नव्हतं.

एवढं सगळं कळल्यावरही मी बळीरामला सांगितलं नाही. कारण साधं आहे. रोज पहाटे हातमोजा घालून माझी घाण काढणारा माणूस ते माझ्यासाठी करतोय की त्याच्या हातासाठी, हे मला माहीत नव्हतं. त्याचा दोष काढून घेतला आणि तो उठून गेला तर? मला तर स्वतःच्या तोंडावरची माशी उडवता येत नव्हती. म्हणून मी व्हिडिओ फोनमध्ये ठेवला आणि त्याला रोज सकाळी तळव्याकडं बघू दिलं. दादालाही गैरसमजात राहू दिलं. दसऱ्याला दादा सोनं द्यायला आला, सगळ्यांना दिलं, बळीरामला दिलं नाही. बळीराम रिकामा हात मागे घेऊन स्वयंपाकघरात गेला. मी बघितलं आणि गप्प बसले.

हात काढला

दिवाळीच्या तोंडावर पायांत जोर आला. फिजिओच्या मॅडमनी मला दोन आडव्या दांड्यांच्या मधे उभं केलं. त्या समोर उभ्या राहिल्या आणि बळीरामला म्हणाल्या, सर, मागे या, कमरेला हात लावा, त्या पाऊल टाकतील.

तो आला. कमरेला तळवा टेकला, मला पाठीच्या वरच्या भागात कळतं तेवढं कळलं. मी पाऊल उचलणार तेवढ्यात त्यानं तळवा काढून घेतला.

"मला न्हाई जमणार, मॅडम," बळीराम म्हणाला. "माझ्या हाताचा भरवसा न्हाई."

मॅडमनी समजावलं. तो भिंतीला जाऊन टेकला आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. माणूस नाही म्हणून त्या दिवशी मला परत खुर्चीत बसवलं. मागे वळून त्याचा चेहरा बघता येत नव्हता, पण समोरच्या आरशात दिसत होता. या माणसाचं मी काय केलंय ते मला तिथं दिसलं.

घरी आल्यावर जेवणाआधीच मी सांगितलं. फोनमध्ये आहे, बघा. त्यानं उभ्यानंच बघितलं. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा जिथं त्याचा हात रिकामा दिसतो तिथं थांबवलं आणि बराच वेळ तसाच धरला.

"कधीपासून हाय हे तुझ्याकडं?"

"पोळ्यापासून."

त्यानं फोन खाली ठेवला. मला औषधं दिली, पिशवी बदलली, कूस बदलली, उशी नीट केली. मग चपला घातल्या आणि गेला.

चार दिवस

चार दिवस तो आला नाही. आत्याबाईंनी माझं सगळं केलं, सत्तरीच्या बाईनं, गुडघे धरत. पहिल्या पहाटे हातमोजा चढवताना त्या म्हणाल्या, "काय केलंस तू माझ्या पोराला?" मी सांगितलं. त्यांनी काम पूर्ण केलं, हात धुतले, आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मुलं विचारत होती, पप्पा कुठायत? मी म्हणत होते, कामाला गेलेत. मी गेलेच आता, असं मला वाटत होतं. खरंखुरं मान टाकणं ते हेच असेल, असंही वाटून गेलं.

त्या दिवसांत मी कोमलला फोन करून माफी मागितली. हात वर, मग गुडघे, मग मान, असं तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तिनं म्हटलं, आणि "हाव, मॅडम," म्हणून फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. आवाज बसलेला होता. दाजी आले होते म्हणाला. व्हिडिओ दाखवला, चहा केला तर घेतला नाही, निघून गेले. "तू मला आधी का न्हाई सांगितलंस? मी त्या माणसाला काय काय बोललो," तो म्हणाला.

पाचव्या दिवशी फिजिओला जायच्या वेळेला बळीराम दारात उभा होता. दाढी वाढलेली. दादाकडचा दिवस सोडून बाकी कुठं होता हे मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. आजही मला माहीत नाही. रिक्षात बसवताना त्यानं मला उचललं, पण माझ्याकडं बघितलं नाही.

दांड्यांच्या मधे

मॅडमनी मला उभं केलं. दोन्ही हात दांड्यांवर, पट्ट्यांनी बांधलेले. त्या समोर. मागे कुणी आलं की नाही मला कळत नव्हतं. मान वळत नाही, आणि त्या दिवशी आरशावर पडदा ओढलेला होता. पायांकडं बघावं म्हणून मी जमेल तेवढी हनुवटी खाली घातली आणि थांबले. मॅडम म्हणाल्या, चला ताई, टाका पाऊल. मी टाकलं नाही. पुन्हा म्हणाल्या. मी थांबूनच राहिले. बारा वर्षं मी पोरींना हेच शिकवलं होतं, ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

"खाली काय बघून राहिलीस?" मागून तो एकदम खेकसला. खोलीतले सगळे पेशंट वळले. "समोर बघ म्हणतो न. कितीदा सांगावं माणसानं तुला?"

नऊ महिन्यांनी माझा नवरा माझ्यावर ओरडला होता. मला रडू फुटलं. मॅडमना वाटलं दुखलं. मी रडत रडत समोर भिंतीकडं बघितलं, आणि तरी उभीच राहिले.

मग कमरेच्या वर, मला जिथून कळतं तिथं, तळवा टेकला. या वेळी निघाला नाही.

"माफ न्हाई केलं मी तुला," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण हात हाय."

मी पाऊल उचललं.